लिंबाजीमामांची भुतं

दसरा झाला, गंगेचे गढूळ पाणी निवळले, की लिंबाजीमामा भुतांच्या जागा बदलायचे.

हे काम भर उजेडात चाले. सकाळी ते आपली होडी सोडत. हातात एक लांब वेळू असे आणि त्यावर वीत-वीत अंतरावर विळ्याने पाडलेल्या खाचा. वरच्या पिंपळघाटापासून खालच्या धोबीघाटापर्यंत ते पाण्यात वेळू रोवत, वर काढत, ओल कुठल्या खाचेपर्यंत आली ते बघत, चार हात पुढे सरकून पुन्हा रोवत. तीन-चार दिवस असे गेले की एका सकाळी डोक्याला धुतलेला पटका बांधून ते एसटी स्टँडसमोरच्या रामरावच्या हॉटेलात येऊन बसत. चहा बशीत ओतत आणि कुणाकडेही न बघता सांगायला लागत.

“जमादार औंदा पिंपळाखाली न्हाई. महादेवाच्या पायऱ्यापशी सरकला. गोंधळी हाय तितंच हाय. घरी सांगून ठिवा.”

मी हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला या गावात येऊन दोन महिने झाले होते. रामराव गल्ल्यावरून म्हणाला, “मामा, भुतांच्या बी बदल्या व्हायल्यात का?”

“ह्या गुरुजी लोकांच्या व्हत्यात,” मामांनी माझ्याकडे हनुवटी उडवली, “मंग त्येंच्या का न्हाई? त्येंनी काय घोडं मारलं?”

हॉटेल हसले. मीही हसलो. माझी बदली झाली तेव्हा मला फार वाईट वाटले होते, आणि या गावात आल्यावर मला हसवणारा हा पहिला माणूस.

आमचे गाव सोनपेठच्या पुढे, गोदावरीच्या काठावर आहे. गोदावरीला इकडे सगळे गंगाच म्हणतात. एके काळी इथे मोठा बाजार भरे, धान्याने भरलेल्या नावा काठाला लागत. निजामाच्या अमदानीतली एक कचेरी अजून घाटाच्या डोक्यावर छप्पर गेलेल्या अवस्थेत उभी आहे. पुढे पूल झाला, रस्ते दुसरीकडून गेले आणि गावाजवळ तीन दगडी घाट तेवढे उरले. वरच्या अंगाला पिंपळघाट, मध्ये महादेवाच्या पायऱ्या, खाली धोबीघाट. आणि भुते उरली. तालुक्यातली गावे आमच्या गावाला त्यावरून नावे ठेवत. लग्न ठरवताना मुलीकडचे हमखास विचारीत, “गंगेवर न्हायला जावं लागतं का वो?”

भुते तीन. एक जमादार. तो निजामाच्या कचेरीत नोकरीला होता. पाण्याच्या कडेला उकिडवा बसतो आणि न्हायला आलेल्याकडे तंबाखू मागतो. दुसरा आंधळा गोंधळी. त्याचे संबळ पाण्याखालून वाजते आणि ऐकणाऱ्याचा पाय आपोआप ठेका धरत पुढे पुढे जातो. तिसरी लाल लुगड्याची. ती काही मागत नाही, वाजवत नाही. नुसती कमरेइतक्या पाण्यात पाठमोरी उभी असते. तिला बघून माणसाला वाटते, ही एवढी आत उभी आहे म्हणजे तिथपर्यंत पाणी उथळ असणार.

या तिघांच्या गोष्टी साऱ्या गावाला ठाऊक होत्या, पण त्या सांगाव्यात तर मामांनीच. ते भोई. बाप नाव चालवायचा, आजा नाव चालवायचा. पूल झाल्यावर मामांना मासे आणि एक दुसरे काम उरले. पाण्यात कुणी गेले की त्याला वर काढायचे. पंचक्रोशीत कुठेही माणूस बुडाला की मोटारसायकल पाठवून मामांना नेत. ते गळाची दोरी आणि वेळू घेऊन जात, काम झाले की परत येत आणि त्या दिवशी कुणाशी बोलत नसत. उंच, काळेभोर, गुडघ्याखाली पायांचे कातडे पाण्याने पांढुरके पडलेले. डोळे बारीक, सतत उन्हात बघितल्यासारखे मिटलेले. मी इतकी वर्षे त्यांना ओळखत होतो, पण त्यांनी संध्याकाळनंतर भुताची गोष्ट सांगितल्याचे मला आठवत नाही.

“मामा, असल्या गोष्टी अंधार पडल्यावर सांगाव्यात. मजा येते,” एकदा मी म्हणालो.

“मजेचा काय संबंध,” ते म्हणाले. “न्हायला लोक दिवसाच येत्यात न्हवं?”

मी ते उत्तर त्यांच्या विनोदांत जमा केले. नीट ऐकले असते तर तेव्हाच कळले असते.

या गावात मी एकटा आलो नव्हतो. माझी धाकटी बहीण सुमन माझ्याबरोबर होती. आईवडील लागोपाठ गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि मी नुकता नोकरीला लागलेलो. आमच्यात सतरा वर्षांचे अंतर. मी तिची वेणी घालायला शिकलो, ती माझ्या चष्म्याची काच पुसायला शिकली. शाळेच्या ग्रंथालयाचा जिम्मा माझ्याकडे होता. ग्रंथालयाच्या खोलीची खिडकी गंगेकडे उघडते. शाळा सुटल्यावर ती त्या खिडकीत बसून वाचायची. खाली मामांची होडी दिसली की हाक मारायची.

“मामा, तुमची लाल लुगड्याची एकच लुगडं किती वर्षं नेसते?”

“तुज्या भावाला इचार की. त्येचा सदरा कधीपसून हाय त्यो.”

“ती पावडर लावती का?”

“लावायची असंल तर तुजी डबी दे धाडून. मी पोचवतो.”

मामा तिला सुमनबाय म्हणायचे. मला सोडून सगळ्या गावाला ते अरे-तुरे करत, पण या दहा वर्षांच्या पोरीच्या नावापुढे बाय लावत.

गोष्टींचे पुस्तक करण्याची कल्पना माझी. शाळेच्या वर्धापनदिनाचे निमित्त होते. मी मामांना खिडकीखालच्या ओट्यावर बसवून एकेक गोष्ट विचारून घेतली. सुमन तेव्हा बारावीला होती. माझे खरडलेले कागद समोर ठेवून तिने सगळ्याची स्वच्छ प्रत केली. ती डावखुरी. लिहिताना ओल्या शाईवरून हात जायचा आणि डाव्या हाताची करंगळी नखापासून मुळापर्यंत निळी व्हायची. दोन महिने तो डाग गेला नाही. पुस्तकाच्या शेवटी आम्ही घाटांचा नकाशा घातला. तो तिनेच काढला. त्या साली मामांनी लाल लुगड्याची पिंपळघाटाला सांगितली होती, जमादार आणि गोंधळी दोघेही धोबीघाटाला. मधल्या महादेवाच्या पायऱ्या मोकळ्या होत्या. सुमनने नकाशात तिथे एक छोटे फूल काढले आणि खाली लिहिले, ‘येथे कुणी नाही.’

मामांना वाचता येत नव्हते. हस्तलिखित त्यांच्यापुढे ठेवले तेव्हा त्यांनी नकाशावर बोट ठेवून हे काय, ते काय असे विचारले. सगळे समजल्यावर त्यांनी बोट उचलून घेतले.

“हे आता हितंच बसणार का?” त्यांनी विचारले.

“हो मामा. आता कायमचं राहील. तुमच्या-माझ्यामागंही.”

“कागदावर बसल्यावर उठता येतं का त्यांला?”

मी हसलो. त्यांनी पुन्हा नकाशाकडे बघितले. मग म्हणाले, “पेन्सिलनं लिवा गुरुजी.”

“छापायचं आहे मामा. पेन्सिलनं छापता येत नाही.”

“मंग ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. राहू द्या म्हणजे आहे तसे असू द्या, असा अर्थ मी घेतला. त्यांना छापणेच राहू द्या असे म्हणायचे होते का, हे मी नंतर त्यांना विचारले नाही.

पुस्तक चांगले चालले. असल्या गोष्टी आपल्या गावात आहेत आणि त्या छापून आल्या याचाच लोकांना आनंद. घरोघरी देवाच्या कोनाड्याशेजारी ते पुस्तक जाऊन बसले. गावातल्या तरुण मंडळींनी नकाशा मोठा करून पत्र्यावर रंगवला आणि पिंपळघाटाच्या तोंडाशी लावला. लाल लुगड्याचे चित्र त्यांनी भडक काढले होते.

पुढच्या वर्षीच्या पुरात नदीने कूस बदलली. वरून वाळू नेणाऱ्यांनी उन्हाळाभर केलेल्या खड्ड्यांत ती आणखीच भरकटली. दसऱ्यानंतर मामा वेळू घेऊन फिरले आणि रामरावच्या हॉटेलात येऊन बसले. लाल लुगड्याची थोडी खाली आली म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी खाली. पण आता लोक त्यांना दुरुस्त करू लागले. “मामा, ती पिंपळाखाली हाय. पुस्तकात हाय की.” मामा म्हणत, “व्हती. सरकली.” “बोर्डावर बी हाय,” लोक म्हणत, आणि प्रेमाने त्यांच्यासाठी आणखी एक चहा सांगत. म्हाताऱ्या माणसाशी वाद घालू नये असे सगळ्यांना वाटे.

मलाही तेच वाटले. मला तर ते लिहावेसे वाटले. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली तेव्हा मी तळटीप दिली: ‘निवेदकाच्या वयोमानामुळे अलीकडे काही स्थळांबाबत विसंगती आढळते. येथे मूळ पाठ कायम ठेवला आहे.’ हे वाक्य लिहिल्यावर मला समाधान वाटले होते. मी काम काळजीपूर्वक केले असे वाटले होते. आज मला या पुस्तकातले दुसरे एकही वाक्य पाठ नाही.

सुमनचे लग्न ताडकळसच्या घरात झाले. माणसे शेतकरी, साधी. सासूबाई देवभोळ्या आणि सुनेवर मनापासून माया करणाऱ्या. दोन वर्षांनी ज्येष्ठात अधिक महिना आला. अधिकात गंगेचे न्हाण घडावे म्हणून सासूबाईंनी शेजारच्या चार बायका जमवल्या आणि सुमनला घेऊन त्या आमच्याकडे आल्या. रात्रभर गप्पा, पुरणाची तयारी. सकाळी त्या सगळ्या घाटाकडे निघाल्या आणि मी ग्रंथालयाची मोजदाद करायला शाळेत गेलो.

पुढचे मला चौघींनी वेगवेगळे सांगितले, पण त्यात फरक नव्हता.

पिंपळघाटाच्या तोंडाशी सासूबाईंनी तो रंगवलेला पत्रा बघितला आणि पुढे पाऊल टाकायला नकार दिला. त्यांनी पुस्तकही वाचून घेतलेले होते. खरे तर त्या साली पिंपळघाटाला गाळ भरून पाणी गुडघ्याएवढे झाले होते. सुमन म्हणाली, “आत्याबाई, महादेवाच्या पायऱ्यांवर जाऊ. तिथं कुणी नाही.” त्या पायऱ्या उतरू लागल्या तेव्हा मामा पलीकडच्या काठाला जाळे सोडवत होते. त्यांनी हाका मारल्या.

“सुमनबाय, तितं नगं. लाल लुगड्याची तितं हाय आता. माघारी फिरा.”

सुमनने हसून हात वर केला. “मामा, ती पिंपळाखाली आहे. नकाशा मीच काढलाय.”

“सरकली ती.”

“मग तिला सांगा, तुझी बदली रद्द झाली म्हणून.”

बायका हसल्या. मामा होडी सोडायला धावले. तिसऱ्या पायरीच्या पुढे पायरी नव्हती. पाण्याने खालची वाळू नेली होती आणि दगड आत कोसळला होता. सासूबाईंचा पाय गेला. सुमनने त्यांचा हात धरला, स्वतः खाली गेली आणि त्यांना पायरीकडे ढकलले. बायकांनी सासूबाईंना ओढून घेतले. सुमन एकदा वर आली. सासूबाईंनी हात पुढे केला. बोटांना बोटे लागली, असे त्या अजून सांगतात.

मी ग्रंथालयात होतो. ती खिडकी उन्हामुळे मी लावून घेतली होती.

मामांनी तिला दुपारी वर काढले. होडीतून उचलून त्यांनी तिला पायऱ्यांवर ठेवले, खांद्यावरचे उपरणे तिच्या तोंडावर घातले, आणि माझ्याकडे न बघता घरी गेले.

चौदाव्या दिवशी ते आमच्याकडे आले. ओट्यावर बसले. पाणी दिले ते घेतले, चहा नको म्हणाले.  मग त्यांनी विचारले, “गुरुजी, भुतं कुटून येत्यात?”

मी त्यांच्या हातातला रिकामा तांब्या घेतला.

“आमच्या बापानं जमादाराला काढलं. आज्यानं गोंधळ्याला. त्येंच्या घरच्यांला इचारलं, तुमचं मानूस कामाला लावू का. त्ये हो म्हनले, म्हनून त्ये घाटावर बसले. लाल लुगड्याची माजी बायको हाय. पारू. धुनं धुवायला गेली व्हती पिंपळाखाली. तिचं लुगडं हिरवं व्हतं. लाल मी केलं. लाल लांबून दिसतं.”

 ज्या लुगड्यावरून सुमन त्यांची थट्टा करायची, त्या थट्टेला ते वर्षानुवर्षे हसून उत्तर देत आले होते.

“खोल पानी हाय म्हनलं की गडी उडी मारून दाखवतो,” ते म्हणाले. “बाई हुबी हाय म्हनलं की न्हाई जात कुनी. जितं वेळू पुरत न्हाई, तितं तिला हुबी करायची. दर साली. तिनं लय मानसं राखली, गुरुजी. पर आता पुस्तक झाल्यापसून तिला कुनी जागची हलू देईना. ती जुनी झाली. नवं मानूस पायजे.”

काय विचारणार हे मला कळले, आणि त्यांनी ते विचारलेच. “सुमनबायला कामाला लावू का?”

त्या दिवशी मी त्यांना जे बोललो ते सगळे लिहिण्यासारखे नाही. माझी बहीण कुणाला भीती घालायला जन्मली नव्हती, तिच्या नावाने लोकांनी थुंकायचे, लिंबू उतरवायचे, हे मी होऊ देणार नाही, पुन्हा माझ्या दारात येऊ नका, असे काहीसे. ते उठले. “बरं,” म्हणाले. ओट्याखाली उतरून पायात वहाणा घालताना पुन्हा एकदा “बरं” म्हणाले.

मी पुस्तकाच्या शिल्लक प्रती जाळल्या. घाटावरचा पत्रा उपटून आणला. पण घरोघरच्या कोनाड्यांतून पुस्तके मागायला गेलो की लोक म्हणत, “असू द्या गुरुजी, तुमची आठवण हाय.” सुमनच्या मृत्यूने तर पुस्तकाला नवेच बळ आले. ती लाल लुगडे बघायला गेली, असे कुणी सांगे. कुणी सांगे, तिने भुताची थट्टा केली. पाणी तिथे खोल होते, एवढे मात्र कुणी सांगत नव्हते.

त्या दसऱ्यानंतर एका सकाळी मी ग्रंथालयाची खिडकी उघडली आणि मामा दिसले. महादेवाच्या पायऱ्यांवर, तिसऱ्या पायरीवर, ते बसले होते. वेळू आडवा मांडीवर. दुसऱ्या दिवशीही होते. मला वाटले, मासे धरत असतील. मग बायकांचा एक घोळका पायऱ्या उतरू लागला तेव्हा त्यांनी वेळू उभा केला आणि वाट अडवली. काहीतरी बोलणे झाले. बायका वाद घालत होत्या. शेवटी वरच्या घाटाकडे वळल्या.

भूत नव्हते म्हणून ते स्वतः बसत होते. मी परवानगी दिली नव्हती म्हणून.

सोमवार, अमावास्या, संक्रांत, ग्रहण. न्हाणाचा दिवस असला की सूर्य उगवताना ते येत, दिवस मावळताना जात. जागा बदलली की तेही बदलत. एका साली धोबीघाटाला बसले, एका साली पुन्हा महादेवाच्या पायऱ्यांवर. लोक त्यांना हसत. रामराव मला म्हणाला, “मामाच आता भूत झाल्यात बगा. कुनाला पान्यात पाय घालू देईनात.” मी खिडकीतून बघत असे. पाच वर्षे बघितले. शाळेतून घरी जायची वाट घाटावरून होती, ती मी बदलली.

गेल्या पौषात त्यांच्या छातीत कफ धरला. गार पाण्यात पाय सोडून दिवसदिवस बसल्याने झाले असे भोईवाड्यात बोलत होते. मी दुपारी गेलो. त्यांची पुतणी कावेरी दारात मेथी निवडत होती. ती आत वळून म्हणाली, “काका, गुरुजी आल्यात,” आणि मला बसायला पोते टाकले. मामा भिंतीला टेकून बसले होते. पायांचे पांढुरके कातडे पहिल्यांदाच कोरडे दिसले.

“बसा,” ते म्हणाले. “घाटावर कोन हाय आज? सोमवार हाय.”

“कुणी नाही मामा.”

“जावं लागतं मंग,” म्हणत त्यांनी उठायचा प्रयत्न केला. कावेरीने आतून येऊन त्यांना पुन्हा टेकवले.

मी खूप दिवस पाठ केलेले वाक्य बोललो. “मामा, सुमनला लावा कामाला.”

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितले. “मी कुटं जाऊ आता सांगायला? तुमीच सांगा. तुमचं मानूस हाय.”

“मला जमणार नाही.”

“मला तरी कुटं जमत व्हतं,” ते म्हणाले. खोकल्याची उबळ जाईपर्यंत मी त्यांची पाठ धरून बसलो. मग ते हळूहळू, मधे दम खात, शिकवू लागले. मी इतक्या मुलांना शिकवले, पण इतके नेमके मला कधी जमले नाही.

“भ्या वाटलं पायजे. किळस न्हाई. तिला केस मोकळं सोडू नगा, दात काढू नगा. सगळी करत्यात तसलं. वळखायला एक खून पायजे, दुसऱ्या कुनाची नसंल आशी. आन् ती काय करती ते एकच सांगा. लुगडं कंचं व्हतं?”

“साडी. निळी.”

“ऱ्हाऊ द्या निळी. तिची हाय ती. काय करती?”

 मी म्हणालो, “हात मागते.”

मामांनी मान हलवली. “चांगलं हाय. हात मागती. दिला की नेती.”

“ते खोटं आहे मामा. तिनं सासूला वर ढकललं. तिनं कुणाला नेलं नाही.”

“म्हाईत हाय. मी बगत व्हतो,” ते म्हणाले. “पारू बी कुनाला नेणारी न्हवती. आवो, मानसं माघारी ढकलायची, येवडंच काम हाय ते. त्या दिवशी तिनं केलंच की. आता बी तेच करायचंय तिला.”

निघताना त्यांनी कोपऱ्यातला वेळू मला दाखवला. घेऊन जा म्हणाले. माझ्या खिशाकडे बघून त्यांनी विचारले, “पेन्सिल हाय का?”

होती. मी काढून दाखवली.

“बरं,” ते म्हणाले.

चार दिवसांनी ते गेले. धोबीघाटाच्या वरच्या माळावर त्यांना अग्नी दिला. गावातली बरीच माणसे आली होती. त्यांतल्या कितीजणांना त्यांनी वेळू आडवा धरून माघारी पाठवले असेल, हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नसावे.

या वर्षी दसऱ्यानंतर मी गंगेत उतरलो. होडी कावेरीने वल्हवली. मला वेळू नीट रोवता येत नव्हता. तो धारेने तिरका जाई आणि कावेरी म्हणे, “गुरुजी, वरच्या अंगानं टाका, मंग सरळ बसतो.” महादेवाच्या पायऱ्यांपाशी पाणी कमरेएवढेच भरले. तिसऱ्या पायरीच्या पुढे, जिथे ती गेली, तिथे वाळू येऊन बसली होती. मी वेळू तसाच धरून काही वेळ थांबलो. कावेरीने वल्हे वर घेतले. धोबीघाटाच्या खालच्या अंगाला मात्र वेळू शेवटच्या खाचेपर्यंत गेला आणि तळ लागला नाही. मी वहीत पेन्सिलने खूण केली.

मग अंघोळ करून रामरावच्या हॉटेलात जाऊन बसलो. सकाळचे दहा वाजले होते, स्वच्छ ऊन होते. हॉटेल भरलेले होते. मी चहा बशीत ओतला. त्यातला थोडा मेजावर सांडला. कुणाकडेही न बघता मी सांगायला सुरुवात केली. निळी साडी सांगितली. हात मागते ते सांगितले.  ती कोण हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते. रामरावने येऊन सांडलेला चहा फडक्याने पुसला आणि हलक्या आवाजात विचारले, “धोबीघाटाला म्हनलात न्हवं?”

“हो. यंदा धोबीघाटाला.”

“घरी सांगतो,” तो म्हणाला.

परवा मी सोनपेठहून एसटीने येत होतो. पुढच्या बाकावर दोन बायका होत्या, मांडीवर बाजाराच्या पिशव्या. एकीच्या घरचे कुणी वारले असावे, कारण अस्थी सोडायला गंगेवर कुठे उतरायचे हे बोलणे चालले होते. दुसरी म्हणाली, “महादेवाच्या पायऱ्यावर नगं बया. तितं मास्तराची बहीन हाय. हात मागती म्हनं.”

मी पुढे वाकून म्हणालो, “बाई, ती तिथं नाही आता. तिथं बिनधास्त जा. ती धोबीघाटाच्या खाली सरकली आहे.”

त्या दोघींनी वळून बघितले. “तुमाला काय म्हाईत? तुमी बगितलं का तिला?”

“बघितलं,” मी म्हणालो. “निळी साडी आहे. डावा हात पुढं करते. करंगळीला शाई लागलेली असते.”

बाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.  मग सोबतिणीला म्हणाली, “लेकरांला सांगून ठिव. धोबीघाटाला कुनी जायचं न्हाई.”